कमावलेलें बळ आणि उसनें बळ

गेलीं कांहीं वर्षें वरच्या इयत्तांतील विद्यार्थी आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारूं लागले आहेत. पूर्वीं हा प्रश्न 'शरीर कसें कमवावें?' असा असे. आतां तो 'शरीर किती महिन्यांत तयार होतें?' असा झाला आहे. प्रश्नांतील हा फेर लहान दिसतो, परंतु सगळें दुखणें त्यांतच आहे. 'कसें' असें विचारणारा मुलगा श्रम करावयास तयार असतो. 'किती महिन्यांत' असें विचारणाऱ्या मुलाला कोणी तरी आधींच एखाद्या पिळदार पुरुषाचें छायाचित्र दाखविलेलें असतें, आणि बहुधा एखादी मुदतही सांगितलेली असते.

या विषयावर मुलांस उपदेश पुष्कळ मिळतो, पण माहिती थोडी मिळते. 'तीं औषधें वाईट, त्यांस शिवूं नका' एवढें म्हटल्यानें काम भागत नाहीं. कारण व्यायामशाळेंतला जो गडी तीं औषधें घेतो त्याचे दंड फुगतांना मुलें आपल्या डोळ्यांनीं पाहत असतात. जो उपदेश डोळ्यांच्या साक्षीपुढें खोटा पडतो तो चार दिवसही टिकत नाहीं. यास्तव स्नायु म्हणजे काय, तो वाढतो कसा, आणि स्टेरॉइड नांवाचें औषध त्या वाढींत कोणती ढवळाढवळ करितें, हें येथें शक्य तितक्या सरळपणें सांगावें असें आम्हीं योजिलें आहे. लेख विद्यार्थ्यांसाठीं आहे, पण त्यांतील कांहीं भाग पालकांनींच वाचावा असा आहे.

आपल्या शरीरांत सहाशेंहून अधिक स्नायु आहेत. जाड दोरखंड उलगडला असतां त्यांत जशा सुतळ्या, आणि सुतळींत जसे काथ्याचे धागे दिसतात, तशीच स्नायूची रचना असते. त्याचा अगदीं बारीक धागा म्हणजे स्नायुतंतु. आणि त्या तंतूच्याही पोटांत ॲक्टिन व मायोसिन या दोन प्रथिनांच्या सूक्ष्म तारा एकमेकींत गुंतलेल्या असतात. दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत सरकवून पाहिलीं म्हणजे स्नायु आंखडतो कसा, हें समजेल. मूल जन्मतें तेव्हां त्याचे बहुतेक तंतु तयारच असतात. पुढें पहिलवानाचा दंड भरतो तो मुख्यतः हेच तंतु जाड झाल्यामुळें.

तंतु जाड कशानें होतो? त्यावर सवयीपेक्षां थोडा अधिक भार पडल्यानें. भार पडला म्हणजे तंतूस ताण बसतो, आणि त्या ताणाचा संदेश मिळून तंतूच्या आंत नवीं प्रथिनें रचण्याचें काम सुरू होतें. तंतूच्या कडेला कांहीं पेशी एरवीं झोपल्यासारख्या पडून असतात. त्या अशा वेळीं जाग्या होऊन त्यास येऊन मिळतात व डागडुजीला हातभार लावितात. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, हें बांधकाम प्रामुख्यानें व्यायाम संपल्यावर, पुढच्या दिवसा-दोन दिवसांत, जेवणांतून आलेल्या मालावर चालत असतें. व्यायाम ही केवळ मागणी होय. पुरवठा ताटांत आणि अंथरुणांत होतो. रात्रीं एक वाजेपर्यंत मोबाइलचें यंत्र छातीवर धरून जागणाऱ्या आणि पहांटे उठून जोर काढणाऱ्या मुलानें आपली मागणी नोंदविली आहे खरी, पण गवंडी बोलाविण्यास तो विसरला आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोप लागते, असें वैद्यकाचें सांगणें आहे.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ मुलें तींतच फसतात. नवा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या महिना-दीड महिन्यांत शक्ति भराभर वाढते. आठ जोर काढतां काढतां धापणारा मुलगा वीस काढूं लागतो. पण सुतळी घेऊन दंड मोजला तर घेर जवळ जवळ तेवढाच! याचें कारण असें कीं, आरंभीं सुधारणा होते ती स्नायूपेक्षां मेंदूची व मज्जातंतूंची. एरवीं आळसांत बसलेले तंतु एकाच वेळीं कामाला लावण्याची विद्या मेंदु आधीं शिकतो. आकाराची वाढ मागाहून, दोन-तीन महिन्यांनीं डोळ्यांस दिसूं लागते. नेमक्या या मधल्या काळांत मुलगा आरशासमोर उभा राहून निराश होतो, आणि गोळ्या विकणारा नेमका याच काळांत त्याच्या खांद्यावर हात ठेवितो.

आमच्याकडील तालमींतल्या वस्तादांस वरील शास्त्रीय नांवें ठाऊक नव्हतीं, परंतु गोष्ट ठाऊक होती. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब यांपैकीं कशालाही मोठें भांडवल लागत नाहीं. आणि नव्या पठ्ठ्याला एकदम शंभर जोर काढावयास कोणताही शहाणा वस्ताद सांगत नसे. आज दहा, चार दिवसांनीं बारा, असा तो हिशेब असे. प्राचीन ग्रीक लोकांतही क्रोटोन नगरच्या मायलोची एक कथा आहे. त्यानें एक वासरूं रोज खांद्यावर घेतलें, आणि वासराचा बैल झाला तरी तो त्यास उचलीतच राहिला. मायलो हा ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांतील खराखुरा मल्ल होता व ऑलिंपिक सामन्यांत सहा वेळां विजयी झाला होता. वासराची गोष्ट खरी असो वा नसो, तींतील गणित बिनचूक आहे: भार रोज वाढत होता, पण एका दिवसाची वाढ जाणवूं नये इतकाच. हेंच गणित १९४५ च्या सुमारास अमेरिकन सैन्यांतील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनीं जखमी सैनिकांवर लावून पाहिलें. तोंपर्यंत दुखावलेल्या पायांस हलक्या वजनाचा लांबलचक व्यायाम देण्याची रीत होती. डिलॉर्म यांनीं वजन क्रमाक्रमानें वाढवीत नेलें, आणि सैनिक पूर्वींपेक्षां लवकर बरे होऊन चालूं लागले. आजच्या व्यायामशास्त्राचा पाया तो हाच.

आतां कमावलेल्या बळाचें एक उदाहरण घेऊं. कऱ्हाड तालुक्यांतील गोळेश्वर या गांवीं १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः कुस्तीगीर. तेव्हां पहिला हौद घरचाच. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत व पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत ते शिकले. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें त्यांचा सहावा क्रमांक आला. तांबड्या मातींत वाढलेल्या या मल्लास गादीवरची कुस्ती नवखी होती. तरीही सहावा क्रमांक आला, हें विशेष. परत आल्यावर त्यांनीं मेहनत आणखी वाढविली. १९५२ मध्यें हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हां पैशाची अडचण उभी राहिली. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिक्षकाच्या पेशांतील आम्हां लोकांस या दुसऱ्या गोष्टीचा अभिमान पहिलीपेक्षां तसूभर अधिकच वाटतो, हें आम्ही लपवीत नाहीं.

हेलसिंकीस जाधव सत्तावन्न किलोंच्या गटांत लढले. जपानचा इशी पहिला आला, सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव दुसरा, आणि जाधव तिसरे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. सत्तावन्न किलो! आज ज्या मुलास आपले दंड चौदा इंचांचे नाहींत म्हणून लाज वाटते, त्यानें या आंकड्याकडे क्षणभर पाहावें. जाधवांच्या अंगांत होतें तें कामाचें बळ. तें कोठें लावावें, किती लावावें, आणि दमल्यावरही कसें लावावें, हें त्या अंगाला वर्षानुवर्षें शिकविलेलें होतें. बाजारांतील हमालाकडे पाहिलें तरी हेंच दिसेल. पोत्याखालीं चालणारा तो किडकिडीत मनुष्य छायाचित्राच्या कामाचा नसेल, पण त्याचें पोतें उचलावयास छायाचित्रांतला मनुष्य बोलावून पाहावा.

जाधव हेलसिंकीस गेले तेव्हां ज्या गोळीनें पुढें सारें क्रीडाजगत् नासविलें ती बाजारांत आलेली नव्हती. पुरुषाच्या शरीरांत टेस्टोस्टेरोन नांवाचें एक संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, निर्माण होतें. आवाज फुटणें, मिसरूड येणें, खांदे रुंदावणें हीं सारीं त्याचीं कामें. १९३५ सालीं शास्त्रज्ञांनीं तें शुद्ध रूपांत वेगळें काढिलें, आणि त्याच वर्षीं बूटेनांट व रुझिका यांनीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें. १९३९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक या दोघांस विभागून मिळालें. शोध मोठा होता, आणि आजही त्याचा सदुपयोग आहे: ज्या मुलास वयांत येण्याची क्रिया आपोआप होत नाहीं, किंवा ज्याचे अवयव दीर्घ रोगानें झिजले आहेत, त्यास डॉक्टर अशीं औषधें मोजून देतात. परंतु १९५८ मध्यें याच जातीची एक गोळी अमेरिकेंत विक्रीस आली आणि वजन उचलणाऱ्या खेळाडूंत पसरली. १९७५ मध्यें ऑलिंपिक समितीनें स्टेरॉइडांवर बंदी घातली, व पुढच्या वर्षीं माँट्रियल येथें त्यांची तपासणी प्रथम झाली. १९८८ मध्यें सेऊल येथें कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धांवला. तीन दिवसांनीं त्याचें सुवर्णपदक काढून घेण्यांत आलें. हा प्रसंग सर्वांस ठाऊक असतो.

पूर्व जर्मनीची हकीकत मात्र फारशी ठाऊक नसते, आणि पालकांनीं ती अवश्य ऐकावी. त्या राज्यानें १९७४ पासून आपल्या खेळाडूंस स्टेरॉइड देण्याची सरकारी योजनाच आंखली होती. हजारों खेळाडूंस तीं औषधें दिलीं गेलीं. त्यांत पोहणाऱ्या व धांवणाऱ्या लहान लहान मुलीही होत्या. त्यांच्या हातावर निळ्या गोळ्या ठेवण्यांत येत, आणि हीं जीवनसत्त्वें आहेत असें सांगण्यांत येई. आईबापांस कांहीं कळविलें जात नसे. मुलींचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस उगवले, पदकेंही मिळालीं. तें राज्य लयास गेल्यानंतर कागदपत्रें उघडीं पडलीं, आणि २००० सालीं बर्लिनच्या न्यायालयानें त्या राज्याचा माजी क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यास दोषी ठरविलें. २००२ मध्यें जर्मन सरकारनें या पीडितांस साहाय्य देण्यासाठीं कायदा केला. पैसे मिळाले, तरी उतरलेला आवाज परत चढत नाहीं.

आतां आम्ही अशी एक गोष्ट सांगणार आहों, कीं जी सहसा मुलांपासून लपवून ठेवितात. स्टेरॉइडानें स्नायु खरोखर वाढतात. १९९६ मध्यें अमेरिकेंत डॉक्टर भसीन व त्यांचे सहकारी यांनीं चाळीसेक निरोगी पुरुषांवर दहा आठवडे एक प्रयोग केला. कांहींस व्यायाम दिला व औषध म्हणून नुसती निरुपयोगी सुई दिली. त्यांचें चरबीवांचून असलेलें वजन सुमारें दोन किलो वाढलें. कांहींस टेस्टोस्टेरोनची मोठी मात्रा दिली व व्यायाम करूं दिला नाहीं. त्यांचें तीन किलोंहून थोडें अधिक वाढलें. ज्यांस दोन्ही दिलीं त्यांचें सहा किलोंच्या वर गेलें. म्हणजे घाम गाळणाऱ्यापेक्षां सुई घेऊन खुर्चींत बसणारा अधिक वाढला! हें मुलांस आज ना उद्यां कळणारच. तें शाळेंत कळलेलें बरें. प्रश्न उरतो तो एवढाच कीं, दहा आठवड्यांनंतर काय?

याचें उत्तर विहिरीच्या दृष्टान्तानें देतां येईल. एका घरीं परसांत विहीर आहे. एके उन्हाळ्यांत रोज दारांत टँकर येऊं लागला. घरच्यांनीं रहाट सोडून ठेविला; विहिरीचा उपसा बंद झाला, गाळ सांचला, झरे बुजले. पाण्याची चैन झाली खरी. पण टँकर यावयाचा थांबला त्या दिवशीं घरांत घोटभर पाणी नव्हतें, आणि विहिरीनेंही नकार दिला. शरीरांत असेंच घडतें. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पीयूषिका नांवाची ग्रंथि आहे. रक्तांत पुरुषी संप्रेरक किती आहे याच्यावर मेंदूची सतत नजर असते; कमी वाटलें कीं ही ग्रंथि वृषणांस हुकूम पाठविते, पुरेसें वाटलें कीं थांबते. बाहेरून सुई टोंचली म्हणजे रक्तांत संप्रेरकाचा पूर येतो, हुकूम बंद पडतात, आणि काम नसलेले वृषण लहान होत जातात. शुक्रबीजांची उत्पत्तिही घटते. औषध सोडल्यावर ही घडी पुन्हां बसावयास कित्येक महिने लागतात, आणि कांहींची ती पूर्वींसारखी बसतच नाहीं. मधल्या काळांत कमावलेला आकार ओसरतो आणि मन खोल उदास होतें. ती उदासीनता सहन न होऊन मुलगा पुन्हां सुईकडे वळतो. व्यसनाचा रस्ता तो हाच.

अठरा वर्षांखालील मुलाची हानि याहून वेगळी आहे. त्याच्या लांब हाडांच्या टोंकांशीं कूर्चेच्या पट्ट्या असतात, व त्यांच्यामुळेंच उंची वाढते. स्टेरॉइडानें त्या पट्ट्या वेळेआधीं हाड होऊन मिटून जातात. सोळाव्या वर्षीं दंडांची हौस धरणाऱ्यानें जी उंची गमावली ती पुढें कोणत्याही डॉक्टरास देतां येत नाहीं. शिवाय हृदयाचा स्नायु जाड होऊन त्याचें काम बिघडतें, रक्तांतील चांगलें कोलेस्टेरॉल उतरतें व वाईट चढतें, तोंडानें घ्यावयाच्या गोळ्यांनीं यकृत दुखावतें, राग आवरत नाहीं. स्नायु झपाट्यानें फुगतो, पण त्यास हाडाशीं बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा, त्या वेगानें बळकट होत नाहीं. म्हणून ती तुटण्याचा धोका वाढतो. एकच सुई दोघांनीं वापरली तर काविळीपासून एड्सपर्यंतचे रोग आहेतच. मुलींविषयीं वर लिहिलेंच आहे.

एक गोष्ट पालकांस सांगण्यासाठींच लिहितों. आमचा एक माजी विद्यार्थी, त्याचें नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं, कॉलेजांत गेल्यावर व्यायामाला जाऊं लागला. तेथील शिकविणाऱ्यानें त्यास तीन महिन्यांचा 'कोर्स' दिला. मुलगा भरदार दिसूं लागला. वडील समाधानानें पैसे देत गेले. पुढें त्याच्या छातींत गांठी धरल्या आणि छाती मुलीसारखी दिसूं लागली. अंगांतील जास्तीच्या पुरुषी संप्रेरकाचा कांहीं भाग शरीर स्त्रीसंप्रेरकांत बदलून टाकितें, त्याचा हा परिणाम. मुलगा वैशाखांतही जाड सदरा घालूं लागला, आणि ज्या नदींत तो लहानपणापासून डुंबत आला तेथें जाणें त्यानें सोडलें. घरांत हें कोणाच्याही लक्षांत आलें नाहीं. एके दिवशीं तो आमच्याकडे आला, बराच वेळ इकडचें तिकडचें बोलला, आणि जातां जातां दारांतून म्हणाला, "सर, असें होतें हें पुस्तकांत कोठें लिहिलेलें असतें का?" डॉक्टरांकडे गेल्यावर सूज थोडी उतरली, उरलेल्यास शस्त्रक्रियाच करावी लागली. त्याला वेदनेपेक्षां वडिलांस सांगण्याची भीति अधिक होती. मुलाचें अंग चार-सहा आठवड्यांत डोळ्यांत भरण्याइतकें बदललें, पाठीवर व खांद्यांवर पुटकुळ्यांचें रान माजलें, स्वभाव एकाएकीं तापट झाला, पैशाची मागणी वाढली, तर रागावण्यापूर्वीं जवळ बसवून विचारावें. शाबासकीही विचारपूर्वक द्यावी. पुष्कळ घरीं शाबासकीच आधीं दिली जाते.

कित्येक आईबाप म्हणतील, 'औषध नको तर नको. पण खुराक कोठून आणावा? डबे फार महाग आहेत.' याचा हिशेब पाटीवर मांडूं. कसून व्यायाम करणाऱ्या मुलास वजनाच्या प्रत्येक किलोमागें सुमारें सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिन पुरे होतें. पन्नास किलोंच्या मुलास दिवसाला साठ ते पाऊणशें ग्रॅम. आतां बघा: दोन अंडीं, बारा ग्रॅम, अर्धा लिटर दूध, सोळा, मूठभर भिजविलेले हरभरे, म्हणजे कोरडे पन्नास ग्रॅम, दहा, तेवढ्याच तुरीच्या डाळीचें वरण, अकरा, दोनशें ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, वीस, आणि तीस ग्रॅम शेंगदाणे, सात. बेरीज शहात्तर. यांत परदेशी डबा कोठें आहे? अंडें न खाणाऱ्यानें दूध, दहीं व कडधान्य वाढवावें. कोंकणांतल्या मुलांस सुकटीचें महत्त्व आम्हीं सांगावयास नको. डब्यांतली भुकटी बहुधा दुधाच्या निवळीपासून केलेली असते आणि ती स्वतः स्टेरॉइड नव्हे, हें न्यायानें म्हटलें पाहिजे. पण डब्यावर लिहिलें तेंच आंत असतें असा भरंवसा धरतां येत नाहीं. जर्मनींतील कोलोन येथील प्रयोगशाळेनें २०००-०१ मध्यें तेरा देशांत विकत घेतलेले अशा पूरक खाद्यांचे ६३४ नमुने तपासले. त्यांपैकीं ९४ नमुन्यांत वेष्टनावर न लिहिलेलीं स्टेरॉइडजातीचीं द्रव्यें सांपडलीं. स्पर्धेंत उतरणाऱ्या मुलांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. आपल्या देशांत २०२२ पासून उत्तेजक द्रव्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, आणि स्टेरॉइड सांपडल्यास खेळाडूस साधारणतः चार वर्षें बाहेर बसावें लागतें. 'मला ठाऊक नव्हतें' हें उत्तर तेथें क्वचितच चालतें.

व्यायामाविषयीं थोडकें. आठवीं-नववींच्या मुलांनीं आपल्या अंगाचेंच वजन वापरावें: जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या, आडव्या दांडीला लोंबकळून हनुवटी दांडीपर्यंत नेणें. मोठीं वजनें उचलावयाचीं तर शिकविणारा जाणता असावा, आणि आज जास्तींत जास्त किती उचलवतें अशी पैज लावूं नये. एकाच स्नायूस लागोपाठ दोन दिवस दमवूं नये. मध्यें एक दिवस जाऊं द्यावा. एक वही करावी. तींत तारीख, जोरांची संख्या, झोपेचे तास, आणि महिन्यांतून एकदां वजन, इतकेंच लिहावें. ज्याचे आठ जोर होतात त्यानें आठ-आठांच्या तीन खेपा कराव्या; तिन्ही खेपा नीट पार पडल्या कीं पुढच्या वेळीं नऊ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं अंग दुखेल. तें दुखणें चार दिवसांत जातें व त्यासाठीं औषध लागत नाहीं. सांध्यांत टोंचल्यासारखें दुखलें तर मात्र थांबावें. सर्वांचे देह एका सांच्याचे निघणार नाहींत, हेंही समजून असावें. हाडांची रुंदी व स्नायूंची ठेवण पुष्कळशी आईबापांकडून आलेली असते. वर्गांतील दोन मुलांनीं एकच मेहनत केली तरी त्यांच्या वह्यांतील आंकडे निराळे येतील. प्रत्येकानें आपली वही आपल्याच मागच्या पानाशीं ताडून पाहावी.

आणि हा लेख वाचणाऱ्यांत ज्यानें असें कांहीं आधींच घेतलें असेल त्याच्यासाठीं चार ओळी. पुढची गोळी घेऊं नये, सुईही घेऊं नये, आणि बंद केल्यानंतर जी मरगळ किंवा उदासी येईल तिच्यावर व्यायामशाळेंतल्या कोणाचाही दुसरा उपाय करूं नये. घरीं ज्या एका मनुष्यास सांगवेल त्यास सांगावें, वडिलांस धीर होत नसेल तर आईस, आईस नसेल तर शाळेंत आम्हांपैकीं कोणाला तरी. मग डॉक्टरांकडे जावें आणि त्यांच्यापाशीं कांहीं झांकून ठेवूं नये. रोग्याचें गुपित पाळणें हा त्यांचा धर्मच आहे. मन फार खचलें, जीव नकोसा वाटला, तर त्या रात्रीं एकटें राहूं नये आणि सकाळची वाट न पाहतां कोणाला तरी उठवावें. जातांना उरलेल्या गोळ्या, बाटली, निदान वेष्टन तरी बरोबर न्यावें. नेमकें कोणतें औषध, किती व किती दिवस घेतलें हें कळलें म्हणजे रक्ताच्या कोणत्या तपासण्या करावयाच्या हें डॉक्टरांस लगेच ठरवितां येतें.